निळ्या फितीच्या वेली

लुनलुंता, सोमवार, १९ ऑगस्ट

प्रिय इर्मा,

फाटक उघडं टाकून गेलीस. शेजाऱ्याचं घोडं आत शिरलं आणि माझा लसूण तुडवून गेलं. दोन माणसं आणलीस, ट्रक आणलास, बाबांच्या मालबेक द्राक्षवेलींच्या हजार-बाराशे काड्या लावणीसाठी कापून नेल्यास, आणि सख्ख्या बहिणीच्या दारात पाय ठेवला नाहीस. मी ‘माते’च्या चहासाठी पाणी तापवून बसले होते. दोनदा तापवलं. वर पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या हाती मुरंब्याचा डबा पाठवलास, कामवालीला सणाला पाठवतात तसा. तो मी उघडलेला नाही. ते राहू दे. आधी हे सांग, काड्या जमिनीत गेल्या का? पाटकरी म्हणाला, लावणी शनिवारी आहे, तोवर ओल्या वाळूत पुरून ठेवल्यात. खरं असेल तर पत्र वाचून होईपर्यंत एकाही काडीला हात लावू देऊ नकोस. आणि रागानं मधेच फाडू नकोस. तिसरी शिकलेल्या बाईची एवढं लिहिण्यात आख्खी सकाळ जाते.

रोहेलियोनं सिमेंट कारखान्याची नोकरी सोडली, होतं नव्हतं ते घालून वर तुपुंगातोला दगडांची जमीन घेतली, तेव्हा काय लावावं हे विचारायला तुम्ही दोघं माझ्याकडेच आलात. त्याला काबेर्ने द्राक्षं हवी होती, परदेशात त्यांचंच नाव चालतं म्हणे. मी वाद घातला नाही. एका ग्लासात शेजारच्या मळ्यातल्या काबेर्नेची वाइन ओतली, दुसऱ्यात बाबांची मालबेक. पहिल्या घोटाला त्याचं तोंड कच्चं केळं खाल्ल्यासारखं आवळलं. दुसरा ग्लास तुझ्या नवऱ्यानं तळापर्यंत रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. मग म्हणाला, ‘नेलीताई, ही तर पिकलेलं आलुबुखार चावल्यासारखी लागते, घशाला कुठं ओरखडाच नाही.’ मी म्हटलं, ‘वर तुमच्याकडे रात्री गार असतात, तिथं याहून चांगली येईल. पण वेल निवडून घ्यावी लागते. दिसेल त्या वेलीची काडी लावलीस तर जन्मभर व्हिनेगर पिशील.’ तू हसलीस. ‘मग निवड की बाई, तुझ्याशिवाय कोणाला येतंय ते.’

खरंच कोणाला येत नाही. तू शहरात शाळेत होतीस तेव्हा मी बाबांच्या मागं ओळींतून फिरत होते. मालबेक लहरी. फुलोऱ्यात जरा गारठा पडला की फुलं झडतात आणि घोस दात पडलेल्या तोंडासारखा विरळ राहतो. काही वेली मात्र दर वर्षीच तशा, कितीही पाणी द्या. पान तेच, खोड तेच, खरं काय ते घोस सांगतो. बाबा मला मणी फोडून बी चावायला लावायचे. बी कुरकुरीत लागली तर पुढं बोलायचं. ‘एका वर्षाच्या घोसावर भाळू नकोस, नेली. नवरा बघतात तशी तीन वर्षं बघ,’ म्हणायचे. म्हणून तर मी अजून बघतेच आहे. आणि पानं गळाली की सगळ्या वेली सारख्या. हिवाळ्यात बाबांनासुद्धा ओळखू यायच्या नाहीत. म्हणून मार्चात तोडणीच्या वेळीच खूण बांधायची आणि काडी जुलै-ऑगस्टच्या थंडीत कापायची.

मार्चमध्ये तू दुकानातून निळ्या फितीचं रीळ आणलंस. मी एकशे वीस वेली निवडून त्यांना फिती बांधल्या. मग इथंच तोडणीनंतरचं जेवण. शहरातून शेतीचा इंजिनियर आणि त्याची बायको आली होती, तू टेबलावर नवी चादर अंथरली होतीस. मी आत एम्पानादा, खिम्याच्या करंज्या, भाजत होते, खिडकी उघडी होती. त्यानं विचारलं, ‘वेली कोणी निवडल्या? हात जाणता दिसतोय.’ आणि तू म्हणालीस, ‘आहे एक, आमच्याकडे कामाला असते. वेलींतलं तेवढं कळतं तिला, बाकी सगळा अंधार.’ मी परात घेऊन बाहेर आले. तू मान वर केली नाहीस. त्याची बायको मला म्हणाली, ‘ठेवा बाई तिथंच.’ मी ठेवली.

एप्रिलमध्ये कुत्रा मेला, तुला कळवलं नाही. माझी कंबर धरली आहे. परवा सोंदा वारा सुटला, दोन दिवस घर भट्टीसारखं तापलं. छाटणीवाला फाउस्तो तीनदा येऊन गेला. विचारतो, ‘नेली, सगळा मळा छाटून झाला, मधल्या एवढ्या वेली कोणासाठी राखल्यास? लग्न लावायचंय का त्यांचं?’ मी त्याला हाकलला. त्या वेली का राखल्या तेच आता लिहिते.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळींत गेले आणि चांगल्या वेलींच्या तुझ्या फिती सोडवून मला पाठ असलेल्या विरळ घोसाच्या वेलींना बांधल्या. एकशे वीसच्या एकशे वीस. परवा तुझ्या माणसांनी फिती बघून काड्या कापल्या, आणि मी खिडकीतून बघत राहिले. तीन वर्षांनी रोहेलियो विरळ घोस हातात धरून उभा राहील, हे मला माहीत होतं. मी बोलणार नव्हते. पण काल पाटकरी सांगून गेला की नव्या मळ्याच्या फाटकावर पाटी लागली आहे, तिच्यावर बाबांचं नाव आहे, आणि ती तू स्वतः रंगवलीस. सिल्वेरियो हे नाव त्या काड्यांवर मी बसू देणार नाही. फीत सोडताना प्रत्येक चांगल्या वेलीच्या बुडाशी मी लव्हाळ्याची गाठ मारली होती. का मारली, मला विचारू नकोस. त्याच वेली राखल्यात. पण सोंदा लागलाय, उबेनं वेलीत रस चढायला लागेल, आणि कापल्या जागेतून पाणी गळायला लागलं की काडी कामाची राहत नाही. वाळूतल्या काड्या जाळ आणि ये. माफी मी मागत नाही, तूही मागू नकोस. येताना त्या इंजिनियरला घेऊन ये, आणि मी तुझी कोण ते माझ्यादेखत त्याला सांग. मग कात्री तुझ्या हातात देते. गुरुवारी दुपारच्या बसचा ड्रायव्हर बेनितो, त्याच्याकडे उत्तर दे, येतेस की नाही एवढंच. शुक्रवारी सकाळी फाउस्तोला बोलावलंय. तू आली नाहीस तर तो छाटेल आणि काड्या चुलीत जातील.

तुझीच थोरली बहीण,
नेलिदा