राखीव सप्लायर

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून परचेस माझ्याकडे. इतकी वर्षं गोदामात बसून आलेला माल मोजला. आता माल कोणाकडून यावा हे मी ठरवणार. मालक म्हणाले, कॉलेजच्या फिरत्या खुर्च्यांची ऑर्डर महिनाअखेर वेळेवर गेली तर ही जागा कायमची तुमची, नाहीतर गोदाम आहेच. मी म्हटलं, निश्चिंत राहा. ते म्हणाले, निश्चिंत राहायचं असतं तर कारखाना काढला नसता.

खुर्चीत बसून हात जोडले. खुर्ची फिरती असल्यामुळे डोळे मिटल्यावर ती जरा फिरली आणि नमस्कार फायलींच्या कपाटाला पोचला. देव सगळीकडे आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
खुर्चीचं बाकी सगळं आपण बनवतो, फक्त चाकं बाहेरून येतात. चाकं देणारा माणूस एकच, चाकवाले काका. माल कधी येणार विचारलं तर म्हणाले, निघाला की येईल. निघणार कधी? तयार झाला की निघेल. मग स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सविस्तर बोलले, माझ्या आईची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. एवढा मोठा कारखाना एका माणसाच्या गुडघ्यांवर उभा आहे!

लगेच नियम लिहून भिंतीला चिकटवले. कोणत्याही कामासाठी एकाच माणसावर अवलंबून राहायचं नाही. एक मुख्य ठेवायचा, एक राखीव. राखीवाला अधूनमधून एखादी बारीकशी ऑर्डर द्यायची, म्हणजे तो मरत नाही आणि माजतही नाही. एक प्रत मालकांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. कागद खिशात ठेवणारा मालक मी प्रथमच पाहिला.

संध्याकाळी घरी. हिला नियम वाचून दाखवले. ही म्हणाली, मग देवाच्या जोडीलाही एक राखीव बघून ठेवा. हिला मॅनेजमेंट कळत नाही. वर म्हणाली, भावोजींना विचारा ना, त्यांची उभी हयात परचेसमध्ये गेली. भावोजी म्हणजे माझे थोरले साडू. भांड्यांच्या कारखान्यात परचेसला होते. तो कारखाना बंद पडला, तेव्हापासून घरी बसून गावभर सल्ले वाटतात. कारखाना बंद का पडला, हे ही सोयीस्कर विसरते. विचारणार नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार
राखीव सापडला! इंटरनेटवर. त्यांच्या वेबसाइटवर चाकं आपोआप गरगर फिरतात. फोन पहिल्या रिंगला उचलला आणि मला सर म्हणाले. दुपारी स्वतः सॅम्पल घेऊन हजर. गळ्यात टाय. चाक फरशीवर सोडलं, ते सरळ धावत गेलं आणि मालकांच्या केबिनच्या दारावर टकटक करून थांबलं. मालकांनी आतून ‘या’ म्हटलं. याहून शुभ ते काय?

रात्री साडूंचा फोन. हिनेच कळवलं असणार. म्हणाले, दोन सप्लायरांना एकमेकांचं तोंड पाहू द्यायचं नसतं, लक्षात ठेवा. बरं म्हटलं. जुन्या जमान्यातला माणूस.

९ सप्टेंबर, सोमवार
नेमकी उलटी योजना सुचली. प्रार्थना करताना सुचली, म्हणजे उगमही चांगला आहे.

आमच्या शाळेत दोन महाव्रात्य मुलं होती. गुरुजींनी एक दिवस दोघांना एकाच बाकावर बसवलं. एकमेकांच्या धाकाने दोघं चिडीचूप. ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. पुढे त्यांचं काय झालं ते आठवत नाही, पण तत्त्व पक्कं आहे.

माझ्या केबिनबाहेर एक लाकडी बाक आहे. उद्या काका आणि टायवाले, दोघांना अकराला बोलावलं आहे. बाकावर शेजारीशेजारी बसवायचं. अर्धा तास आत घ्यायचं नाही. एकमेकांना पाहून घाम फुटेल, भाव आपोआप उतरतील.

१० सप्टेंबर, मंगळवार
योजना सुरू. अकरा वाजून पाच मिनिटं. दाराच्या फटीतून पाहिलं. दोघंही गप्प. दडपण स्पष्ट दिसतंय.

सव्वाअकरा. काका गुडघा चोळताहेत. भीतीने असणार.

साडेअकरा. टायवाल्यांनी टाय काढून काकांच्या गुडघ्याला करकचून बांधला आहे. त्यांनाही तोच गुडघा, तोच त्रास. हसण्याचा आवाज. हे डावपेच मी ओळखतो. आणखी ताटकळत ठेवायचं ठरवलं.

बारा. चहावाल्याने दोन वेळा चहा दिला. कोणाला विचारून? फोनवरचे फोटो एकमेकांना दाखवणं चालू आहे. आपापल्या मशीनचे असावेत.

साडेबारा. दार उघडून म्हटलं, या आत. काका म्हणाले, जरा थांबा हो, महत्त्वाचं चाललंय.

संध्याकाळ. फोटो मशीनचे नव्हते. काकांचा धाकटा मुलगा आणि टायवाल्यांची मुलगी यांचे होते. भावाचं बोलणं राहून गेलं. मालकांना सांगितलं, दोन्ही पार्ट्यांशी संबंध अतिशय घट्ट झाले आहेत. हे खोटं नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
काका खुशीत पेढे देऊन गेले. मुलांनी एकमेकांना पाहिलं, पसंती झाली. म्हणाले, तुमचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, चाकं पाठवून. काका म्हणाले, ती येतील की.

टायवाल्यांना फोन केला. आता पहिल्या रिंगला उचलत नाहीत. उचलला तेव्हा सर म्हणाले नाहीत, म्हणाले, भाव व्याह्यांना विचारून सांगतो, आता त्यांच्याखाली जाणं बरं दिसत नाही. दोघांचा भाव एकच आला. काकांच्या जुन्या भावापेक्षा चढा. बाजारात एकवाक्यता येणं हीसुद्धा एक प्रकारची शिस्तच. नियमांत तशी भर घातली.

१७ सप्टेंबर, मंगळवार
लग्न अठ्ठावीसला. ऑर्डर जायची तीसला. आयुष्यात कुठलीही गोष्ट वेळेवर न केलेल्या काकांनी हे कार्य मात्र अकरा दिवसांवर आणून ठेवलं. दोन्ही कारखाने आठवडाभर बंद, कामगार मांडवाच्या कामाला. मी कडक शब्दांत पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात आमंत्रण आलं. आमच्या दोघांची नावं छापली आहेत, ‘ज्यांच्यामुळे योग आला’ अशा शब्दांत. ही वाचून रडली. म्हणाली, तुमच्या हातून एवढं चांगलं काम होईल असं वाटलं नव्हतं. पत्र उद्या लिहीन.

१९ सप्टेंबर, गुरुवार
घाबरायचं कारण नाही. तिसरा सप्लायर शोधला. दूरचा, संपूर्ण अनोळखी. एक बाई चालवतात. आवाज एकदम करारी. तारीख दिली की पाळते, म्हणाल्या. मी म्हटलं, अठ्ठावीसच्या आत द्या. बाई म्हणाल्या, तेवढा आठवडा सोडून बोला, भाचीचं लग्न आहे, कारखाना बंद ठेवलाय. कोणाशी जमलं, मी विचारलं. म्हणाल्या, चाकवाल्यांच्याच घरात. कोणीतरी भला माणूस आहे, त्याने बाकावर बसवून जुळवलं.

फोन हळूच खाली ठेवला.

आज अचानक त्या दोन मुलांचं पुढचं आठवलं. गुरुजींनी एका बाकावर बसवल्यावर आठच दिवसांत दोघं मिळून शाळेची घंटा घेऊन पळाले होते.

२५ सप्टेंबर, बुधवार
खुर्च्या तयार, चाकांविना. अख्खी शेड भरली आहे. काकांचा फोन आला. मला वाटलं, चाकं निघाली. ते म्हणाले, लग्नाला पाहुणे फार होताहेत, बसायला खुर्च्या कमी पडतात, तुमच्या नुसत्याच पडून आहेत ना? मी म्हटलं, त्यांना चाकं नाहीत. काका म्हणाले, तेच बरं, पाहुणे एका जागी बसतील.

विचार केला. नकार दिला तर चाकं कायमची गेली. दिल्या तर खुर्च्यांची मोफत चाचणी होईल. दिल्या. मालकांना चाचणी म्हणूनच सांगितलं.

२८ सप्टेंबर, शनिवार
लग्न पार पडलं. आमच्या खुर्च्या फार शोभून दिसल्या. मुलगी दारातून आली तेव्हा सगळे पाहुणे बसल्याजागी एकदम गर्रकन वळले. मग ती मुलाकडे गेली, तसे सगळे पुन्हा इकडे. मी इतकं देखणं लग्न पाहिलेलं नाही. मनात नकळत प्रार्थना आली, दोघांचं भलं होवो. चाकांचं मागायचं राहूनच गेलं.

मालकही आले होते. शेवटच्या रांगेत साडूंशेजारी बसले होते. साडू इथे कसे? हिने आणलेले. मी पाहिलं तेव्हा दोघं बोलत होते आणि मालकांच्या हातात खिशातला तो कागद होता.

३० सप्टेंबर, सोमवार
ऑर्डर गेली नाही. चाकं नाहीत, आणि अर्ध्या खुर्च्यांवर सरबताचे डाग. मालक शांतपणे बोलले. त्यांचं शांतपणे बोलणं मला आवडत नाही. म्हणाले, तुमचे नियम मला पटले. कोणत्याही कामासाठी एकाच माणसावर अवलंबून राहायचं नाही. मग परचेससाठी आपल्याकडे माणूस किती? मी म्हटलं, एक. म्हणाले, हीच जोखीम. उद्या अकराला या. बाहेर बसा.

माझे नियम वरपर्यंत पोचले, हे विसरून चालणार नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार
अकराला बाकावर बसलो. तो आता मालकांच्या केबिनबाहेर हलवला आहे. बाक पहिल्यांदाच वापरला. बराच कडक आहे. पाच मिनिटांनी साडू आले आणि शेजारी बसले. दोघंही गप्प. दार किंचित उघडं होतं. फटीत मालकांचा डोळा दिसला.

मी ठरवलं होतं, अवाक्षर काढायचं नाही. साडू म्हणाले, काय मग, त्या चाकांचं काय करणार होतात? त्यांचा सूर इतका आपुलकीचा होता की सगळं सांगितलं. काकांकडे गुडघ्याची चौकशी आधी करावी लागते, बाई तारीख पाळतात, टायवाले व्याह्यांना विचारल्याशिवाय हलत नाहीत, सगळं. साडू मान डोलावत राहिले. चहा आला. चांगला होता. मग दार उघडलं आणि साडूंना आत बोलावलं.

मी अर्धा तास बाकावर. डोळे मिटून हात जोडले. बाक फिरत नाही, त्यामुळे नमस्कार सरळ गेला असावा.

५ ऑक्टोबर, शनिवार
चाकं आली. साडूंनी काकांना फोन करून आधी गुडघ्याचं विचारलं म्हणे.

माझी नेमणूकही झाली. साडू मुख्य, मी राखीव. रोज गोदामात बसायचं, आणि महिन्यातून एखादी बारीकशी खरेदी माझ्याकडून करून घ्यायची, असं मालकांनी लेखी दिलं आहे. भाषा माझीच आहे, एक शब्दही बदललेला नाही. ही म्हणाली, भावोजी तुमचा मान ठेवतात हो. या महिन्याची माझी ऑर्डर मिळाली. गोदामासाठी एक झाडू. दोन ठिकाणची कोटेशनं मागवली आहेत. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं आहे.

साडूंच्या प्रकृतीसाठी रोज प्रार्थना करतो. मनापासून करतो. आज ते फोनवर बोलताना दोनदा शिंकले.

देव दयाळू आहे.