काळोखात वाचायचं पाणी

मिरकरवाडा, रत्नागिरी
१८ जानेवारी २०२५

चि. दर्शन यास यमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो सानिकाने दाखवला. तुझी पुतणी खिदळत होती आणि मी चष्मा पुसून पुसून बघत होते, की हा आपला दर्शन की कापूस ठासलेली गादी. गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकायचा, बर्फाला भोक पाडायचं, भोकात हिरवा दिवा सोडायचा आणि रात्रभर त्याच्यापुढे बसायचं! सानिका सांगते, दिव्याला बारीक किडे जमतात, किड्यांमागे लहान मासे येतात आणि लहानांमागे मोठे. एवढं सगळं जमून मासे किती, तर तीन. अरे, जेटीवरची मांजरं तुझ्यापेक्षा जास्त मिळवतात, आणि त्यांना दिवा लागत नाही.

आम्ही मासा मेल्यावर बर्फात घालतो. तुम्ही तो जिवंत असतानाच वर झाकण घालून बसता. मोठे शहाणे.

तुझा बाप, माझा लवूदादा, चाळीस वर्षं तांडेल होता. बोट कुठे न्यायची ते त्याच्या शब्दावर ठरायचं. अवसेच्या काळोखात तो बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहायचा, माशांचा थवा हलला की पाण्यात चमक उठते ती बघायचा आणि सांगायचा, हा बांगडा, ही तारली, ती नुसती लाट. त्याला जाऊन चार वर्षं झाली. त्याचा मुलगा भोकात दिवा घालून बसलाय हे बघायला तो नाही, हे बरंच झालं.

इथे एलईडीवाल्या बोटींनी उच्छाद मांडलाय. जनरेटर लावून पाण्यात एवढा उजेड ओततात की पिल्लंसुद्धा गोळा होतात. बंदी आहे म्हणे. मंगळवारी आम्ही बायकांनी मोर्चा काढला. मी सगळ्यांच्या पुढे होते, त्यात घसा बसला, म्हणून हे पत्र. तसंही फोनवर तू नुसता हां हां करतोस. सानिका याचा फोटो काढून पाठवेल.

डोकं झाकून ठेव, आत काही उरलं असेल तर. लोभ आहे, तो टिकव.

तुझी,
यमुनाआत्या

विनिपेग, कॅनडा
२२ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डेपोत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मी एकटाच एवढा हसलो की बाकीचे मेकॅनिक बघायला लागले. गादी म्हण, काहीही म्हण, पण उणे पंचवीसमध्ये तू बंडी घालून बसून दाखव.

तीन मासे हा माझा नाकर्तेपणा नाही गं. इथे परवाना लागतो आणि मासे मोजून घ्यायचे असतात. परवा तपासणीचा माणूस बर्फावरून चालत तंबूत आला, परवाना बघितला, बादलीत डोकावला. मी त्याआधीच एक बारका मासा भोकात परत सोडला होता, त्यामुळे छाती काढून उभा राहिलो.

धाकट्याचा, निलेशचा फोन आला होता. तोही आता बोटीवर जनरेटर आणि दिवे बसवतोय. बाबांची बोट अर्धी माझ्या नावावर, म्हणून माझी संमती हवी होती. मी सही करून कागद पाठवला. मी इथे दिवा लावतो, तर त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तुला ठाऊक असेलच.

घशाला हळद घे. माया आहे ती अशीच असू द्यावी.

तुझा,
दर्शन

मिरकरवाडा
२४ जानेवारी २०२५

चि. दर्शन यास,

आशीर्वाद पुढच्या वेळी. आज तोंडातून निघत नाहीत.

मला ठाऊक असेलच? मला कोण सांगणार! मी रस्त्यात उभी राहून एलईडीवाल्यांच्या नावाने बोंबा मारते आणि माझ्याच घरात त्याचे कागद फिरतात. त्या मोर्चात शेजारची सगुणा माझ्याकडे बघून का हसली ते आज कळलं.

आणि तू! तिथे साहेब येईल म्हणून बारका मासा पाण्यात सोडतोस, आणि इथला अख्खा दर्या उपसायला सही देतोस. तिथला मासा तेवढा मासा, आणि आमचा काय, पालापाचोळा? तुझा दिवा टॉर्चएवढा, त्याचे दिवे जत्रेएवढे. एवढंही न कळायला तू कॅनडात जन्मलास का रे?

सही मागे घे. बोट पकडली गेली तर जप्त होईल, आणि दादाने हयात घालवून केलेली ती एकच वस्तू आहे. निलेश अवसेला निघायचं म्हणतोय. त्याआधी त्याला फोन कर. माझ्याशी तो बोलत नाही, मान खाली घालून जेवतो आणि उठतो.

यमुनाआत्या

मिरकरवाडा
३० जानेवारी २०२५

चि. दर्शन यास,

तुझा फोन काही आला नाही. बर्फ पडत असेल.

निलेश काल अवसेला गेला आणि आज पहाटे बोट भरून आला. तुला आठवत असेल, आपल्या बोटीच्या पहिल्या टोपलीचा भाव घरच्या थोरल्या बाईने पुकारायचा. तोवर व्यापारी टोपलीला हात लावत नाहीत. आजी पुकारायची, मग तुझी आई, ती गेल्यावर मी.

मी टोपलीत हात घातला. म्हाकूल होतं, आणि त्याखाली बोटाएवढा बांगडा. अजून अंडी घालायचं वय न झालेला. मी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि बसून राहिले.

व्यापारी थांबले. कोणी म्हणालं, बाय, तोंड उघडा. मी उघडलं नाही. सगळ्या जेटीला वाटलं म्हातारीला झटका आला. ऊन चढलं, बर्फ वितळून पाणी माझ्या पायाखालून वाहिलं, व्यापारी दुसऱ्या बोटींकडे गेले. दुपारी सगळा माल खताच्या गाडीत गेला. निलेश समोर उभा होता. शिव्या देईल वाटलं, पण तो रडला. चाळिशीचा बाप्या, सगळ्यांदेखत.

मला आनंद झाला असं समजू नकोस. जेवणाचं ताट तसंच मांजरांना घातलं.

यमुनाआत्या

मिरकरवाडा
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

आत्याने तुला सगळं कळवलंच असेल. जेटीवर आता माझी काय किंमत उरली ते तिने लिहिलं नसेल.

मी हौसेने दिवे लावले नाहीत. बाबांनी ठरवलं होतं, दर्शन बोटीवर आणि निलेश नोकरीत. दहाव्या वर्षापासून तुला नाळेवर उभं केलं. मी हट्ट केला की म्हणायचे, तू अभ्यास कर. झालं उलटंच. तू डिझेलचं काम शिकून गेलास आणि बोट माझ्या गळ्यात पडली. अवसेला मी नाळेवर उभा राहतो आणि मला नुसतं काळं पाणी दिसतं. चमक उठली तरी ती कशाची ते कळत नाही. खलाशी माझ्या तोंडाकडे बघतात. चार वर्षं मी अंदाजाने बोट हाकतोय, दादा. ज्याला दिसत नाही त्याला दिवा लागतो.

जनरेटर उतरवलाय. तुझ्या सहीचा कागद सानिकाने फाडला.

राग धरू नये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
निलेश

विनिपेग
९ फेब्रुवारी २०२५

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

मी फोन केला नाही, कारण आत्या खरं बोलत होती आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तुझं पत्र वाचून तर तोंड लपवावंसं वाटलं. बाबांनी जे मला दिलं ते मी खिशात घालून निघून आलो.

सोबत पाच पानं पाठवतो. बांगड्याची चमक कशी, तारलीची कशी, लाटेची कशी, जे आठवलं ते सगळं लिहिलंय. आत्याशी बोल.

तुझा,
दर्शन

मिरकरवाडा
२८ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शन यास यमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाच पानं मिळाली. धन्य आहेस. सानिकाने ती मोठ्या अक्षरात उतरवून दिली आणि काल अवसेला निलेश ती घेऊन गेला. काळोखात चमक उठली. ही कुठली म्हणून तुझं पान बघायला गेला, तर अक्षर दिसेना. बॅटरी पेटवली, अक्षर दिसलं, पण चमक गेली. बॅटरी विझवली, चमक आली, पान गेलं. असं पहाटेपर्यंत चाललं. शेवटी चार टोपल्या घेऊन आला आणि मला हे सांगताना स्वतःच हसत सुटला. महिन्याने हसला रे. मी पहिल्या टोपलीचा भाव पुकारला, चांगला घसा फोडून.

मी तुला बोलले, त्याला बोलले, अख्ख्या मिरकरवाड्याला बोलले. पण त्याला चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, की तुला पाण्यात काही दिसतं का रे बाबा. ही माझी चूक. लवूदादाची त्याहून मोठी, पण तो आता बोलणी खायला नाही.

तेव्हा मेल्या, पानं पुरेत. शिमग्याला ये आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी अवस आहे तोवर राहा. त्याला नाळेवर शेजारी उभा कर आणि बोटाने दाखव. तुझ्या बापाने तुला पत्र लिहून शिकवलं नव्हतं. तो हिरवा दिवा तिथेच ठेव.

लोभ किती आहे ते आल्यावर कळेल. चप्पल हातात घेऊनच भेटेन.

तुझी,
यमुनाआत्या