प्राध्यापक भस्मे यांच्या डोक्यावरचा ढग

जळकोटजवळची आमची वस्ती,
जिल्हा लातूर (उस्मानाबाद नव्हे),
एप्रिल १९८६

प्रिय सौदामिनी,

तुला सप्रेम जयभीम, आणि तुझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार (माझी पत्रं त्याच आधी फोडतात असं तू लिहिलं होतंस, म्हणून त्यांचा नमस्कार वर घातला आहे). तुझ्या माधवरावांच्या दाढेला आराम पडला असेल अशी आशा. आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. आईची कंबर, बाबांचा खोकला आणि गावची विहीर यांच्याबद्दल विचारू नकोस. पाकिटावर तू पुन्हा जिल्हा उस्मानाबाद लिहिलास. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली गं. बाबा म्हणतात, पाऊससुद्धा तुझ्यासारखाच जुन्या पत्त्यावर जात असावा.

तुझ्या चित्रकथांचा गठ्ठा मिळाला, त्याची पोच द्यायची राहिली, त्याबद्दल फार अपराधी वाटतं. पण मध्ये इतकं घडलं की पोच देणं म्हणजे सगळंच सांगणं झालं असतं. तुला ठाऊकच आहे, माझ्या प्रौढ साक्षरता वर्गाला बायका येईनाशा झाल्या होत्या. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायची, संध्याकाळी टँकरमागे धावायचं, आणि मग समाजमंदिरात येऊन ‘कमळ बघ’ वाचायचं. कमळ बघायला तळं तरी हवं ना! त्यातच वरून कळवलं गेलं की पर्यवेक्षक येऊन तपासणार. एका तरी बाईला अनोळखी वाक्य वाचता आलं तर वर्ग राहील, नाहीतर दुसऱ्या गावाला देणार. आमच्या घरात अक्षर ओळखणारी पहिली मी. मला बाई म्हणून हाक मारतात ती फक्त या वर्गात, तेव्हा वर्ग जाणं म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको (आई लगेच स्थळं बघायला लागली होती). म्हणून मी तुला रडून लिहिलं आणि तू माधवरावांच्या कपाटातला गठ्ठा धाडलास.

खरं सांगू? मी अशी पुस्तकं आयुष्यात पाहिली नव्हती. एकाच पानावर इतकी चौकटीची घरं, आधी कुठल्या घरात शिरायचं तेच कळेना. पहिल्या दिवशी चित्रं बघायला बायका परत जमल्या आणि मी डावीकडून उजवीकडे थेट दोन्ही पानांवरून वाचत गेले. त्यामुळे कथेचा नायक वीजमानव आधी इमारतीवरून पडला, मग उडाला आणि सगळ्यात शेवटी जन्मला. बायकांना त्यात काही खटकलं नाही. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त कीर्तनं ऐकली आहेत. मग मी घरी बसून सगळा क्रम नीट लावला (चौकटींवर पेन्सिलीने बारीक आकडे घातलेत, खोडून देईन, माधवरावांना सांगू नकोस). दुसरी अडचण वीजमानवाच्या पोशाखाची. त्याने चड्डी विजारीच्या वरून घातली आहे. मला वाटलं रंग देणाऱ्याची चूक झाली, पण प्रत्येक पानावर तीच चूक. चारचौघींत वाचताना मी तिथं अंगठा ठेवू लागले. त्याने झालं इतकंच की सगळ्यांचं लक्ष अंगठ्याकडे, आणि वर्गातली नागुबाई रोज विचारायची, ‘‘बाई, अंगठ्याखाली काय दडवून राहिल्यात?’’

पण खरा घोटाळा पुढेच होता. कथेत एक प्राध्यापक भस्मे आहेत. कोट, चष्मा, हातात जाड पुस्तक. आता तूच सांग, आमच्या वस्तीत असा माणूस चित्रात दिसला तर हात आपोआप जोडले जाणार की नाही? त्यात ते बोलतात किती शुद्ध: ‘नगरवासीयांनो, माझं हे यंत्र तुमच्या शहराला पाणी देईल.’ पाणी! बायका गुडघ्यावर उठून बसल्या. आणि तेवढ्यात तोंडाला फडकं बांधलेला वीजमानव खिडकीतून घुसतो आणि ते यंत्रच फोडतो. सौदामिनी, त्या संध्याकाळी त्याला ज्या शिव्या बसल्या त्या मी इथे लिहू शकत नाही (पत्र सासूबाई वाचतात). नागुबाई म्हणाली, ‘‘मुडद्या, पाणी येऊन राहिलं व्हतं न्हवं! एवढा उडतोस तर धर्माबादहून एक टँकर उचलून आण की!’’ तो कुठल्या तालुक्याचा, त्याला हमीच्या कामावर का लावत नाहीत, असेही प्रश्न निघाले. माझंही मत तेच होतं. शिकलेल्या माणसाला हाणणारा तो नायक कसा, हे मला काही केल्या कळेना.

तेव्हा सरजाआत्याने बोट ठेवलं. (ही माझी सख्खी आत्या. खडीची पाटी डोक्यावर आणि सगळं गाव जिभेवर.) म्हणाली, ‘‘पंचे, या मास्तरच्या डोक्यावर ढग हाय. त्यात बी अक्षरं हायत. ती का वाचत न्हाईस?’’ मी समजावलं की शेपटीवाल्या फुग्यातलं माणूस मोठ्याने बोलतो, पण ढगातलं तो मनात म्हणतो. आणि दुसऱ्याच्या मनातलं चारचौघांत वाचणं सभ्यपणाचं नाही. म्हणून मी स्वतःसुद्धा एकाही ढगावरून नजर फिरवली नव्हती. आत्या म्हणाली, ‘‘मग छापलं कशाला?’’ मी चिडून म्हटलं, एवढं आहे तर तुमचं तुम्ही वाचा.

आणि त्या वाचू लागल्या! तीन महिने ‘कमळ’पाशी अडलेल्या बायका टँकरच्या रांगेत धुळीत बोटाने अक्षरं काढू लागल्या. मी सांगायला गेले की ओरडायच्या, ‘‘सांगू नको, आमचा ढग आमी फोडतो.’’ पहिला ढग फुटला तेव्हा आत ‘हा हा हा’ एवढंच निघालं. मला वाटलं हिरमुसतील. पण आत्या गंभीर झाली. ‘‘लोकाला पाणी द्यायलाय आन् मनातल्या मनात हसायलाय. ह्यो माणूस बरा न्हाई.’’

मग पर्यवेक्षक रेणुकादास साहेब आले. जीपमधून उतरले ते भर उन्हात कोट घालून, डोळ्यांवर चष्मा, काखेत जाड फाइल. नागुबाई कुजबुजली (तिची कुजबूज जीपपर्यंत जाते), ‘‘भस्मे आला गं!’’ साहेबांनी आत्याच्या हाती अंकलिपी दिली. तिने पहिलं पान घडाघडा म्हणून दाखवलं, पण पुस्तक उलटं धरलं होतं. साहेब म्हणाले, ‘‘हे पाठ केलंय. दुसरं काही वाचा.’’ आत्याने सतरंजीखाली दडवलेली चित्रकथा सरळ ओढून काढली. साहेबांनी विचारलं, हे काय? मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, ‘‘चित्रकथा, साहेब. मंजूर यादीत नाही.’’ आणि डोळे मिटून घेतले.

साहेबांना तीही पाठच असणार असं वाटलं. त्यांनी स्वतः पानं उलटून आम्ही पोचलोच नव्हतो तिथला, अगदी शेवटाजवळचा ढग काढला आणि बोट ठेवलं. आत्याने पदर खोचला. ‘‘पा-णी… पाणी हा-ती आ-लं की… हे मू…’’ तिथे ती अडली. र्ख तिने कधी पाहिला नव्हता. बाहेर टँकरचा भोंगा वाजला. एकही बाई उठली नाही! सौदामिनी, टँकर आलेला असताना! आत्याने घाम पुसला, र वर उडालाय म्हणाली, आणि एका दमात वाचलं, ‘‘हे मूर्ख माझे गुलाम होतील!’’

मग जो कल्लोळ झाला! नागुबाईने भस्मेच्या थोबाडावर अशी चापट मारली की पान चुरगळलं. वीजमानवाला दिलेल्या शिव्या सगळ्याजणींनी एकमुखाने परत घेतल्या, आणि आत्या साहेबांच्या कोटाकडे बघत म्हणाली, ‘‘म्हून वाचाया यावं लागतं. तोंडानं समदेच पाणी देतेत.’’ साहेब आता रागावणार असं मला वाटलं. ते पुस्तकावर वाकून म्हणाले, ‘‘बरं, मग पुढे काय झालं?’’ वर्ग राहिला! शेरा त्यांनी तिथेच लिहिला: वर्ग उत्तम, चालू ठेवावा. आई आता स्थळांबद्दल बोलत नाही, आणि हमीच्या कामावरच्या दुसऱ्या टोळीतल्या बायकाही आता येऊ लागल्या आहेत.

घरी सर्वांना यथायोग्य. उत्तर लातूरच्याच पत्त्यावर दे.

तुझी,
पंचशीला

ता. क. गठ्ठा सोबत परत पाठवते आहे. सगळ्यांना खाकी कव्हरं घातली आहेत. एक अंक कमी आहे. तो रेणुकादास साहेब ‘तपासणीसाठी’ घेऊन गेले, त्याला पंधरवडा झाला.

ता. क. २. कथा शेवटी ‘पुढील अंकात’ म्हणून तोडली आहे आणि वीजमानव दरीत लोंबकळतो आहे. बायकांनी अंकलिपीवर बहिष्कार टाकलाय. तरी माधवरावांना रीतसर विचारून पुढचा अंक पाठवावास (ते नाही म्हणणार असतील तर न विचारता पाठव).

ता. क. ३. आत्याने वरचं पत्र पूर्ण वाचलं. तिचं म्हणणं, खरं काय ते कंसात आहे आणि बाकीची सगळी रीतभात. मी पुन्हा नव्याने लिहून काढणार होते, पण तिने कागद सोडला नाही. खालची ओळ तिने स्वतः लिहिली आहे, मी हात लावलेला नाही:

सौदामिनी बाई पुडचा अंक धाडा. तुमचे मालक बी पराद्यापक हायत म्हनं. त्यांच्या डोक्यावर नजर ठिवा. सरजाबाई.