डाव्या खिडकीतला माणूस

शनिवार, ७ मार्च

दादा म्हणतो मेला. आम्ही तिघं म्हणतो जिवंत आहे. मतं मोजली तर तीन विरुद्ध एक, पण दादाच्या आवाजाला दोन मतं द्यावी लागतात.

सिनेमाचा तिसरा आणि शेवटचा भाग. किती वर्षं वाट पाहिली याची! आणि शेवटी काय, तर आपला 'वजनदार' फुटत्या धरणाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो. हवं तितकं जड व्हायची त्याची शक्ती, ती सगळीच्या सगळी वापरतो आणि भिंतीसकट पाण्याखाली जातो. प्रेत सापडत नाही. मग त्याचं घर. बायको स्वयंपाकघरातलं टेबल पुसतेय. पडद्याच्या पार डाव्या कडेला एक खिडकी. दोन सेकंद. अंधार. संपलं.

दिवे लागायच्या आत प्लंबर उभा राहिला. "खिडकीत होता! पाहिलंत ना?" गणिताच्या मॅडम म्हणाल्या, हो, कोणीतरी होतं खरं. मी? मला दिसला बहुतेक. हो, दिसला. खांदे त्याचेच होते.

दादा म्हणाला, "खिडकीत कुत्रंसुद्धा नव्हतं."

समोरच्या कॉफीच्या दुकानात दीड तास भांडलो. मालकानं टेबलाखालून केर काढला तेव्हा चौघांनी पाय वर घेतले, पण विषय सोडला नाही. मॅडमनी कागदी रुमालावर स्वयंपाकघराचा नकाशा काढला. प्लंबरनं त्यात नळ कुठे होता तेही दाखवलं, कारण सिनेमात त्याला नळ आधी दिसतात. दादा हट्टाला पेटला की त्याचं नाक लाल होतं. आज घरी जाईपर्यंत लाल होतं.

प्लंबर आणि मॅडम आम्हा बहीण-भावाला भेटले ते पहिल्या भागाच्या रांगेत, नऊ वर्षांपूर्वी. माझं लग्न नुकतंच मोडलं होतं. मी घराबाहेर पडत नव्हते. दादानं दारातून हाक मारली, "चप्पल घाल, एक माणूस आहे, त्याला कोणीच जागचं हलवू शकत नाही, तो बघायला जाऊ." गेले. त्या रांगेत मी सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. दादाचे हे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. इथे लिहिते.

सोमवार, ९ मार्च

ग्रुपवर सकाळपासून एकशे चाळीस मेसेज. प्लंबरनं खिडकीतल्या माणसाचं चित्र काढून पाठवलं. माणूस कमी, गॅस सिलिंडर जास्त वाटतो. मॅडम म्हणतात, हात खिशात होते. मला आठवतं त्याप्रमाणे एक हात चौकटीवर होता.

दादानं दोन फेऱ्यांच्या मधे बसमधूनच आवाज रेकॉर्ड करून टाकला. "तुम्हाला जे हवं ते दिसतं. मला जे आहे ते दिसतं. बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय, एक ओरखडा नाही. नजरेच्या गोष्टी मला शिकवू नका."

मी गमतीत लिहिलं, नजरेच्या गोष्टी शिकवायचाच पगार घेते मी. मॅडमनी हसरे चेहरे टाकले. दादानं नाही.

गुरुवार, १२ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर गर्दी. एका आजोबांना सत्तेचाळीस वेळा विचारलं, "हे चांगलं की ते चांगलं?" शेवटी म्हणाले, "बाई, दोन्ही चांगली, तुम्ही ठरवा."

वहिनीचा फोन. दादा चिडचिडा झालाय. आठवड्यात दोन कप फोडले, आणि कप तिथे कोणी ठेवला म्हणून उलट तिच्यावरच डाफरला. "सिनेमाचं एवढं काय लावून घ्यायचं? तू तरी हो म्हण ना त्याला. मेला तर मेला."

मी म्हटलं, वहिनी, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व तुमचं, कप माझे.

रविवार, १५ मार्च

दादा मला एकटीला परत सिनेमाला घेऊन गेला. सकाळचा खेळ. सोक्षमोक्ष लावायचा म्हणाला. "आता नीट बघ, आणि मग त्या दोघांना सांग."

मी त्याच्या उजव्या हाताला बसले होते. डावीकडची खुर्ची रिकामी. मध्यंतरानंतर एक माणूस हातात पेले घेऊन डावीकडून आला आणि दादाच्या शेजारी उभा राहिला. पाय घ्या जरा, म्हणाला. दादा ढिम्म. माणूस परत म्हणाला. दादानं मान वळवली आणि असा दचकला की पेला सांडला. तो माणूस जवळजवळ त्याच्या मांडीत उभा होता!

त्यानंतर मी सिनेमा पाहिलाच नाही. दादाला पाहत बसले. डावीकडून कोणी गेलं की त्याला कळत नव्हतं. एकदा नाही, चार वेळा. शेवटचा प्रसंग आला, बायको टेबल पुसायला लागली, आणि मी खिडकीकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते पडद्याच्या मध्यावर होते. दिवे लागल्यावर तो विजयी चेहऱ्यानं म्हणाला, "होता का कोणी?"

बाहेर रस्ता ओलांडताना डावीकडून सायकल आली. मी त्याची बाही ओढली. "एवढी काय घाबरतेस," म्हणाला. सायकलवाली शिव्या देत गेली. ती कुठून आली हे त्याला अजूनही माहीत नाही.

रोज हेच काम करते मी. परक्या माणसात हे दोन मिनिटांत ओळखलं असतं.

सोमवार, १६ मार्च

त्याचा फॉर्म काढून पाहिला. शाळेच्या सगळ्या ड्रायव्हरांची दरवर्षी आमच्याकडे तपासणी होते. गेल्या जूनचा फॉर्म. दूरची नजर — उत्तम. खरंच उत्तम, तक्त्याची शेवटची ओळ त्यानं घडाघडा वाचली होती आणि वर म्हणाला होता, "खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?"

त्याखाली चौकट — बाजूची नजर. त्यात बरोबरची खूण. खाली माझी सही.

ती चाचणी मी केली नाही. आठवतंय मला. यंत्रावर एकेका डोळ्याला सात-आठ मिनिटं लागतात. बाहेर माणसं खोळंबली होती, आणि हा तर दादा. शेवटची ओळ वाचणारा. खूण केली आणि चहा मागवला.

मंगळवार, १७ मार्च

आज सांगणार होते. नाही सांगितलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो बस काढतो. बत्तीस मुलं. मुलं डावीकडच्या दारानं चढतात.

बुधवार, १८ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी आल्या आल्या डॉक्टरबाईंना सांगितलं. दादाचं सांगितलं, फॉर्मचं नाही. त्या म्हणाल्या, "आजच बोलाव. दुपारच्या फेरीच्या आधी."

दादाला फोन केला, वार्षिक तपासणी लवकर उरकून घेऊ म्हटलं. आला बिचारा. गणवेशात, किल्ल्या बोटात फिरवत. त्याला यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकव, एक डोळा झाकते, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहा, कुठेही बारीकसा दिवा दिसला की बटण दाब. तो म्हणाला, "हा तर पोरांचा खेळ."

मी बाजूच्या स्क्रीनवर बघत होते. दिवा लागायचा, बटण वाजायचं. दिवा लागायचा, बटण वाजायचं. मग दिवे डावीकडे सरकले. एक लागला. बटण नाही. दुसरा. नाही. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, दाब ना रे, दाब. दिवे एकामागून एक लागत होते आणि दादा अगदी शहाण्या मुलासारखा ठिपक्याकडे बघत बसला होता.

दोन्ही डोळे झाल्यावर हनुवटी पुसत म्हणाला, "यंत्र दाखवून घे एकदा कोणाला तरी. मधेच दिवे लागायचे बंद होतात त्याचे."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब पाहिला, आतून तपासलं, आणि त्याला समोर बसवून सरळ सांगितलं. काचबिंदू. हळूहळू कडा खात आलाय, दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याची कड जवळजवळ गेली आहे, उजव्याची नाकाकडची बाजूही. गेलेलं परत येत नाही. औषधानं आहे ते राखता येईल. "आणि बस आजपासून नाही. दुपारचीसुद्धा नाही."

दादा हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"तुझ्याच सहीनं चालवतोय ना मी?" एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

शाळेला फोन मीच केला. त्यांनी दुसरा ड्रायव्हर पाठवला. दादानं त्याच्या हातात किल्ल्या दिल्या, दुसऱ्या गिअरला जरा जोर लागतो हे सांगितलं, आणि चालत घरी गेला. मी सोबत येते म्हटलं तर हातानंच नको म्हणाला.

गुरुवार, १९ मार्च

आज डॉक्टरबाईंना फॉर्मवरच्या चौकटीचंही सांगितलं. त्यांनी फॉर्मची फाइल पुढे ओढली. मग विचारलं, "आणखी किती जणांची?"

मला आठवेना. हे सगळ्यात वाईट. दादाची म्हणून आठवतेय, बाकीच्यांची आठवत नाही. अकरा ड्रायव्हर आहेत. उरलेल्या दहांना परत बोलवायचं, एकेकाला यंत्रावर बसवायचं, शाळेला पत्र लिहून कारण कळवायचं, माझ्या नावानं. लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा धाडलं. काय व्हायचं ते होवो.

रविवार, २९ मार्च

दहा झाले. दहाही ठीक. शाळेनं लेखी ताकीद दिली, पुढच्या वर्षी प्रत्येक तपासणीला डॉक्टरबाई स्वतः हजर राहणार. सुटले म्हणायची लाज वाटते.

दादा बोलत नाही. वहिनी म्हणते, थेंब वेळच्या वेळी घालतो. सकाळी सवयीनं सहाला उठतो, दाढी करतो, आणि सात दहाला कोपऱ्यावर उभा राहून बस जाताना बघतो. "दुसऱ्या गिअरला आवाज काढतो लेकाचा," एवढं बोलतो आणि परत येतो.

ग्रुपवरही गप्प. प्लंबरला वाटतंय दादा हरला म्हणून रुसलाय. त्यानं आज परत ते सिलिंडरचं चित्र पाठवलं. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं की नाही ते दादानं ठरवायचं.

शनिवार, ११ एप्रिल

दुपारी ग्रुपवर दादाचा मेसेज आला. तीन आठवड्यांनी.

"ठीक आहे. खिडकीत होता. मलाच दिसला नसेल."

प्लंबरनं फटाके, टाळ्या, नाचणारं अस्वल, काय काय टाकलं. मॅडमनी लिहिलं, सत्याचा विजय. त्या दोघांना काय माहीत, त्यानं काय कबूल केलंय ते. चष्म्यांच्या फ्रेम ठेवतात त्या खोलीत जाऊन मी रडले. बाहेर येऊन एका बाईंना शेवटची ओळ वाचायला लावली.

रविवार, १२ एप्रिल

दादा आला! न कळवता. दारात चप्पल काढताना डावा खांदा चौकटीला लागला. आम्ही दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केलं.

चहा पिऊन झाल्यावर बोलला. बसांचं वेळापत्रक आणि देखभाल बघायला शाळेनं त्याला आत घेतलंय. टेबल-खुर्ची मिळाली आहे. "नव्या ड्रायव्हरला क्लच कसा सोडायचा ते शिकवतो. शिकेल. गाढव आहे, पण मनानं चांगला."

मग म्हणाला, "तुझ्यावर चिडलो होतो. अजून थोडा आहे. पण पोरांपैकी कोणी दारापाशी वाकलं असतं आणि मी पुढे घेतली असती तर..."

निघताना विचारलं, "तुला खरंच दिसला होता ना तो खिडकीत?"

"दिसला होता," मी म्हटलं. खांद्यांसकट.

रविवार, १७ मे

सिनेमा आता घरी बघता येतो. दुपारी लावला. शेवटचा प्रसंग थांबवला, मागे घेतला, परत थांबवला. आठ वेळा. खिडकी आहे. खिडकीत कोणी नाही. पडदा आहे, तो वाऱ्यानं जरा फुगतो.

आम्ही तिघांनी जो पाहिला तो तिथे कधी नव्हताच. त्याला दादा पाहू शकला नाही म्हणून मी दादाकडे बघायला लागले. लगेच फोन केला, लपवायचं बळ नव्हतं. "दादा, खिडकीत कोणी नाही. तू बरोबर होतास."

त्यानं विचारलं, "यंत्रातले दिवे तर लागले होते ना?"

"लागले होते."

"सगळे?"

"सगळे लागले होते, दादा."

"मग ठीक आहे," म्हणाला. "प्लंबरला मात्र मी सांगणार."