ईशान्येची टाकी

२७ ऑक्टो., सोम.
दिवाळीनंतर आज कारखाना उघडला आणि पाण्याची टाकी जागेवर नाही! भट्टीपासून पावलं मोजून मी बसवून घेतलेली टाकी थेट शेडच्या दुसऱ्या टोकाला. भट्टी सांभाळणारे देवरावभाऊ खाली बघत म्हणाले, "वास्तुवाले महाराज आल्ते ना जी. आग आग्नेयले, पाणी ईशान्येले. शेठनं सुट्टीतच हलवली."
डोकं फिरलं. हा काय भांड्यांचा कारखाना आहे? शिडीचा हूक आहे, लाइनमन खांबाला अडकवतो तो. असला अॅल्युमिनियमचा हूक तापवून प्रेसमध्ये वाकवला की गरम असतानाच पाण्यात जायला हवा. रेंगाळला तर वरून चकचकीत आणि आतून मऊ. हे शेठला शंभरदा सांगून झालंय.

२८, मंगळ.
घड्याळ लावलं. भट्टीचं दार ते पाणी, मधे प्रेस धरून. आधी नऊ सेकंद लागायचे. आज सव्वीस. दे.भाऊ पन्नाशीचे, चिमट्यात तापलेला हूक धरून धावतात. एकदा घसरले.
शेठकडे गेले. म्हणे, "मॅडम, टेन्शन काहून घेऊन राहिल्या? तुमच्यात हे मानत नाहीत, म्हणून तुम्हाला समजत नाही."
आमच्यात! म्हणजे विहारात जाणाऱ्यांच्यात. माझ्या डिप्लोम्यात काय शिकवलं ते राहिलं बाजूला, माझी जातच दिसली त्याला.  घरी येऊन भांडी आपटली. आई म्हणाली, भांड्यांचा काय गुन्हा?

१ नोव्हें., शनि.
नव्या जागेवरच्या मालाची पहिली तपासणी. लॉट १७. हुकांबरोबरच तापवून पाण्यात टाकलेले नमुन्याचे तुकडे मशीनवर दाबले, कडकपणा हवा तसा, दीडशेच्या वर. सगळे पास.
चक्रावले. सव्वीस सेकंदांत हे कसं? पुन्हा दाबले. पास. मशीन खोटं बोलत नाही. मग मीच उगाच बोंबलले का? सही केली. शेठ हसला, "पाहा, महाराज खोटे नाही."

६, गुरु.
शेठने लॉट १७ चे हूक लावलेल्या दहा शिड्या सौंसरच्या वीज ऑफिसला भेट दिल्या. हार, पेढे, फोटो. मलाही उभं केलं, "आमच्या क्वालिटीवाल्या मॅडम." फोटोत मी हसते आहे.

१२, बुध.
दे.भाऊ डबा उघडून बसले, पण जेवेनात. मी विचारलं. डबा बंद करून म्हणाले, "मॅडम, मले पाप लागून राहिलं. तुमचे नमुन्याचे तुकडे मी टाकीत नाही टाकत. भट्टीजवळच्या बादलीत टाकतो. शेठनं सांगतलं होतं, तपासणीत पास व्हाले पाहिजे म्हणून."
बादली! आग्नेयेला पाण्याची टाकी चालत नाही, बादली चालते. बादलीला वास्तू लागत नाही वाटतं!
"आणि हूक?"
"हूक टाकीतच जातात जी."
त्या लॉटचा उरलेला एक हूक उचलला आणि मशीनवर दाबला. एकशे अठरा. दुसरा, एकशे बारा.  शेठचा राग आला, दे.भाऊंचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. शंका आली होती ना? मग बादली का नाही दिसली? पाच पावलांवर होती. सही करायची घाई कुणाला होती? मला. सगळं ठीक आहे हे ऐकायचं होतं. शेठपेक्षा शहाणी, पण त्याच्याइतकीच भाबडी: त्याला महाराज, मला मशीन.
शेठसमोर दोन्ही हूक आपटले. "एक महिना थांबा, महाराजांना विचारतो." लाइनमनने महिनाभर खांबावर थांबायचं का?
"मग शिड्या परत मागवा."
"फोटो पेपरात आला मॅडम. कंपनीची इज्जत आहे."

१३, गुरु. दुपारी, वीज ऑफिस, सौंसर.
आज कारखान्यात गेलेच नाही. सरळ इथे. शिड्या परत मागितल्या, तर तिथले बाबू म्हणाले, "काहून परत नेता? लय मजबूत आहे. दोघं दोघं चढतात." दोघं! ओरडलेच मी. मग ते म्हणाले, कंपनीचं पत्र लागेल. कंपनी देणार नाही. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: लॉट १७ चे हूक कच्चे आहेत, शिड्या वापरू नका, आधीची तपासणी चुकीची होती, ती मी केली होती. नाव, पत्ता, सही. या वेळी काय लिहिलंय ते वाचून केली. बाबूंनी दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि खोलीची किल्ली काढली.
नऊ शिड्या आत ठेवल्या, कुलूप लावलं. मी मोजल्या.
दहावी मोहगावकडे गेली आहे. तार तुटली आहे तिकडे. लाइनमनचा फोन लागत नाही. बाबूंनी त्याला माझा नंबर मेसेज केलाय, आणि एक माणूस गाडीवर पाठवलाय.
बाकावर बसले आहे. पर्समध्ये फोन वाजतो आहे. शेठ. सातव्यांदा. फोन कट करते आहे. त्याच्याशी भांडायचं आहे, खूप भांडायचं आहे, पण आत्ता लाइन मोकळी हवी.