केळीच्या खांबातली गोळी

बाबा, तुझी आठवण आली म्हणून मी हे लिहीत नाही. तुझ्यावर सूड उगवला आहे आणि तो तुला कळावा, एवढ्यासाठी लिहिते आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की कळवायला दुसरी वाट उरलेली नाही.

मी बहारीनला असते. सनद नावाच्या गावात भाड्याचं घर आहे आणि दक्षिणेकडच्या वाळवंटात एका शूटिंग क्लबमध्ये मी कोच आहे. बायकांना आणि मुलांना रायफल धरायला शिकवते, शिवाय सभासदांच्या बंदुकांना कुठली गोळी मानवेल तेही मीच बघते. दिवसभर बंदुकांना माझेच हात लागतात. माझ्यामागे कोणी त्या गोमूत्राने धूत नाही.

परवा बुसैतीनचा एक सभासद आपली नवी रायफल घेऊन आला. युरोपातल्या एका कारागिराकडून खास त्याच्या खांद्याच्या मापाने बनवून घेतलेली, अक्रोडाच्या दस्त्याची. दस्त्यावरून हात फिरवताना मला क्षणभर सगळं विसरायला झालं, इतकी देखणी. पुढच्या महिन्यात तो आफ्रिकेत ईलँड मारायला जाणार आहे, म्हणजे बैलाएवढं हरीण. सोबत गोळ्यांची खोकी होती. "कोच, ये सबसे लंबा, सबसे महँगा. इंटरनेट पे सब बोलता है नंबर वन. मफी प्रॉब्लेम," म्हणजे काळजीच नको, असं म्हणत तो झोपून नेम धरायला लागला. तासाभराने समोरचा कागद बघून त्याचा चेहरा पडला. भोकं वाट्टेल तिथे होती. कारागिराला शिव्या घालत रायफल परत पाठवायला तो फोन काढत होता, तेव्हा मी त्याला म्हटलं, "रायफल को कुछ मत बोलो. ये होल देखो."

भोकं गोल नव्हती, लांबट होती. गोळी नाकासमोर न जाता कोलमडत, आडवी होऊन कागदात शिरली होती. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला गिरकी देतात. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. ह्याच्या नळीचा पीळ सैल होता आणि ह्याने निवडली होती सगळ्यात लांब गोळी. रायफलचा दोष नव्हता, हौसेचा होता.

आणि त्याच क्षणी तुझा आवाज माझ्या कानात आला, ह्याचा मला संताप आहे. "गोळी आपल्या हौशेन घेवची नाय. बंदुकीक इचारून घेवची." हे तू मला सांगत नव्हतास. भावाला सांगत होतास. मी ओटीवर कोकमं फोडत बसले आहे, तू खळ्यात केळीचा खांब आडवा टाकला आहेस, त्याच्या तोंडाशी रानडुकराचं हाड म्हणून फणसाची फळी बांधली आहेस आणि ठासणीच्या बंदुकीतून एकेक गोळी झाडून पाहतो आहेस. मग कोयत्याने खांब उभा चिरतोस. मऊ शिशाची गोळी फळीतच चपटी होऊन बसली आहे, कडक केलेली खोल गेली आहे. भाऊ जांभया देतो. मी मान उंच करून बघते, तर तू खेकसतोस, "तुजा काम कर." काम केलं मी, बाबा. कोकमंही फोडली आणि खांबही पाहून ठेवला.

मग ती पहाट. भाऊ मामाकडे होता, तुझ्या अंगात ताप होता, म्हणून नाइलाजाने तू मला भाताच्या राखणीला माळ्यावर नेलंस. फटफटलं तेव्हा डुकर शेतात उतरला. तू ग्लानीत होतास, दोनदा हलवलं तरी उठला नाहीस. मी बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि चाप ओढला. डुकर जागच्या जागी बसला. एवढा आनंद मला त्यानंतर कुठल्याही पदकाने दिला नाही. तू धडपडून उठलास, आधी डुकराकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि काडकन माझ्या कानाखाली वाजवलीस. "बंदुकीक हात लावलंस?"

आवाज ऐकून वाडीतले लोक धावत आले. मी गाल धरून उभी होते आणि तू त्यांना सांगत होतास, "मियाच पाडलंय. एकाच गोळीत." मी तोंड उघडायच्या आत माझा दंड आवळून कानात म्हणालास, "चेडवान पाडलेलो डुकर गावात कोण खातलो?" पोरीने मारलेला म्हणून. मांसाचे वाटे पडले. ज्याची गोळी त्याला डोकं, हा आपल्याकडचा मान. ते डोकं तू डोक्यावर घेऊन मिरवत घरी आणलंस. आईला सगळं कळलं होतं, माझ्या गालावर तुझी बोटं उठली होती. तिने पहिला तुकडा माझ्या पानात वाढला. तू तो उचललास आणि भावाच्या पानात टाकलास. संध्याकाळी माझ्यासमोर बंदूक गोमूत्राने धुतलीस. पुढे दर शिमग्याला तू ती गोष्ट रंगवून सांगायचास आणि मी लोकांना चहा द्यायचे.

कॉलेजात एनसीसीत मी रायफल धरली, पदक घेऊन घरी आले, तर तू ते हातातही घेतलं नाहीस. "कागदार भोकां पाडूक काय लागता?" म्हणालास. कागदावरची तीच भोकं वाचून मी आज पोट भरते. तुझी बंदूक भावाने तुझ्यामागे पोलीस ठाण्यात जमा केली, परवान्याची कटकट नको म्हणून. ते ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तर परवा मी त्या सभासदाला थांबवलं. वाळवंटात केळीचा खांब कुठला, म्हणून क्लबच्या कँटीनमधून जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणली, गठ्ठे बांधून बादल्यांत भिजत घातले. काल सकाळी त्यांच्यापुढे एक फळी बांधली आणि वेगवेगळ्या आखूड गोळ्या घेऊन बसलो. एक फळीतच फुटून तिचा चुरा झाला. एक काहीच न उमलता आरपार निघून गेली. तिसरी ओल्या कागदात खोल जाऊन छत्रीसारखी उघडली होती आणि तिचं वजन झाडण्याआधी होतं जवळजवळ तेवढंच राहिलं होतं. मग तीच कागदावर मारून पाहिली. सगळी भोकं गोल आणि एकमेकांना खेटून. तो माणूस लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. चार सभासद गोळा झाले, गावा, म्हणजे इथली कडू कॉफी, आला, खजूर आला.

त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "कोच, ये पेपर का आयडिया किसने सिखाया? फादर शिकारी था?" इथे माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो. माझ्या रेसिडेंट आयडी कार्डवरही मधोमध तूच आहेस, ते मला खोडता येत नाही. पण इथे खोडता येत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तुझं नाव त्या मानाच्या जागी बसवायला मला एक शब्द पुरला असता.

"कोई नहीं," मी म्हटलं. "मेरे घर में बंदूक किसी को नहीं आता था."

बघ, कसं वाटतं ते. तुझी विद्या, तुझी युक्ती, आणि मान दुसऱ्याचा.

पण ह्या लोकांची एक रीत आहे. आभार मानायचे तर थँक्यू म्हणून भागत नाही. निघताना त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "रहम अल्ला वालदेच." देव तुझ्या आईबापांवर दया करो. एवढं नाकारूनही तुझा वाटा तुझ्या पानात पडलाच. मी गाडीत बसले, सनद येईपर्यंत धुमसत राहिले आणि मग तो तुझ्या पानातून उचलला. आईच्या पानात टाकला. सगळा.

केळीचा खांब तुझा होता, बाबा. हे मी इथेच लिहिते आहे, आणि हा कागद कोणाच्या हाती पडू देणार नाही. पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा कोई नहीं म्हणणार आहे.