घड सारखे पिकत नाहीत

४ फेब्रुवारी
भाऊजी आज स्पष्टच बोलले. "दादाची वाचा गेली, अर्धं अंग गेलं. बाग बघणार कोण? वहिनी, या हंगामात माल नीट गेला तर ठीक. नाहीतर वेल उपटू."
बोलणं कडू, पण खोटं नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं. बाग पाहिली ती खिडकीतून.
ह्यांच्या कपाटात द्राक्षांवरचं जाड पुस्तक सापडलं. पानं कोरी करकरीत.

५ फेब्रुवारी
आपल्या द्राक्षांची जात शेनिन ब्लां. पांढऱ्या वाइनची. लवकर फुटते, बेसुमार वाढते, पिकली तरी आंबटपणा सोडत नाही — माहेरी माझ्याबद्दल हेच म्हणत!
ह्यांना कुशीवर वळवलं, चादर बदलली, मग मोठ्यानं वाचलं. डोळे उघडे होते. ऐकत असावेत.

८ फेब्रुवारी
थकले. एकच पान. तिच्या वाइनला मधाचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो म्हणे. हे कौतुक की कुचेष्टा?

११ फेब्रुवारी
भाऊजी घड घेऊन आले. अर्धे मणी पिवळे, अर्धे हिरवेगार. "रोग दिसतोय. सगळं एकदम तोडू नि मोकळे होऊ."
पुस्तक दाखवलं. रोग नव्हे, स्वभाव. ही जात मागेपुढे पिकते. पिकेल तशी तीन-चार फेऱ्यांत तोडायची.
"पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय, वहिनी?"
"बुडाले तर काठावर तुम्ही आहातच, भाऊजी."
हसले. कात्री खिशात घातली.

१२ फेब्रुवारी
ह्यांना विचारलं — तुम्ही फेऱ्या करायचात? मान हलली : नाही. सगळं एकदमच? हो. म्हणून वाइनरीवाले दरवर्षी नाक मुरडायचे?
तोंड भिंतीकडे वळवलं.

१७ फेब्रुवारी
पहिली फेरी. पुरते पिवळे तेवढेच घड. बायका वैतागल्या. "अहो बाई, द्राक्षं तोडतोय की जावई निवडतोय!" बोटं चिकट, कंबरेचा काटा ढिला. ह्यांना भरवताना चमचा हातातून दोनदा पडला. वाचन नाही.

१९ फेब्रुवारी
वाइनरीच्या केमिस्टचा फोन. "यंदा काय केलंत? गोडी, आंबटपणा, दोन्ही जागच्या जागी. उरलेलाही असाच पाठवा."
भाऊजींना सांगितलं. म्हणाले, "राहू दे बाग. दादाचा जीव आहे तिच्यात."
मी रडले बहुतेक. दमल्यामुळेही असेल.

२० फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं, बाग वाचली. मान हलली — नाही. समजलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं. नाही. मग विचारलं, नको होती तुम्हाला? हो. वडलांनी गळ्यात मारली म्हणून केलीत? हो. डोळ्यांतून पाणी.
पुसलं.
मग म्हटलं, मला हवी आहे.